फियाट डिलाइटची डावी चासी चेपली आहे: ठोकून काढायची, कापायची की पट्टी मारायची? (सोलापूर)

फियाट_सोलापूर

नमस्कार. आमच्याकडे १९७१ ची फियाट ११०० डिलाइट आहे. सासऱ्यांनी नवीन घेतलेली, अजून चालू आहे, अक्कलकोट-तुळजापूरला सहज जाऊन येते. मध्यंतरी धुवायला दिली होती. तिथे दोन खांबांच्या लिफ्टवर चढवताना एका हाताचं रबर निघालेलं होतं आणि लोखंड सरळ चासीच्या खाली लागलं. कुठे दिली होती ते लिहीत नाही. मला भांडायचं नाहीये, गाडी नीट करायची आहे.

चेपलेली जागा डाव्या चासीवर, पुढच्या सीटच्या जरा पुढे, साधारण वीतभर लांब. खालचा पत्रा आत गेलाय. सरळ पट्टी लावून मोजलं तर सगळ्यात खोल जागी १६ मिमी भरतं. बाजूच्या दोन्ही भिंती थोड्या बाहेर फुगल्यात, आतली जास्त. डांबरी कोट तडकून पडलाय. गाडी चालवताना काही जाणवत नाही, स्टिअरिंग ओढत नाही, दारं पूर्वीसारखीच लागतात.

दोन गॅरेजांत दाखवली. एका ठिकाणी म्हणाले, डावी चासी पूर्ण कापू आणि चॅनेल घालू. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, लांबी (पुट्टी) भरून वरून काळा मारू, कुणाला कळणार नाही. पहिलं मला गरजेपेक्षा जास्त वाटतं. दुसरं अजिबात पटत नाही, कारण कुणाला कळू नये एवढ्यासाठी मी दुरुस्ती करत नाहीये. गाडीत मुलं बसतात.

ही जीपसारखी सुटी चासी नाही, बुडाच्या पत्र्यालाच खालून पेटीसारखी वेल्ड केलेली आहे, हे मला माहीत आहे. अशा चासीला पोचा पडला तर बरोबर रीत कोणती? ज्यांनी स्वतः केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सीओटू

लांबी भरू म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. लांबी रंगाखालचे बारीक खळगे झाकायला असते, तिला ताकद नसते. चासीवर भरली की काही महिन्यांत कडेने सुटते, त्या फटीत पाणी बसतं आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेरून सपाट दिसत राहतं, हा त्यातला खरा धोका.

मोहोळकर_ट्रॉली

ताई, आम्ही उसाच्या ट्रॉल्या बनवतो. चासी चेपली, तडकली की आमच्याकडे एकच औषध. सहा एमएमची पट्टी खालून लावायची, चारी बाजूंनी आर्कने फुल वेल्डिंग. वीस टन ऊस भरून खड्ड्यातनं जाती ट्रॉली, काय होत न्हाई. तुमच्या गाडीला एवढा लोड कुठाय? अर्ध्या दिवसाचं काम हाय.

ओळंबा

ताई, दोन्ही गॅरेजवाल्यांनी मोजमाप न घेता निर्णय दिला, माझा आक्षेप तिथेच आहे. बॉडीशॉपच्या कामात आयुष्य गेलं म्हणून जरा लांब लिहितो.

चासीला इजा तीन तऱ्हेची होते. एक, नुसता पोचा: जिथे लागलं तिथलाच पत्रा आत. दोन, वाक: पोच्यापासून पुढे किंवा मागे अख्खी पेटी वर, खाली, बाजूला सरकलेली. तीन, चीर. पोचा बाहेर ओढता येतो. वाक असेल तर पोचा कितीही छान काढला तरी गाडी वाकडीच राहते, कारण पोचा हा तिथे फक्त वाकण्याचा शिक्का असतो. चीर असेल तर ओढताना ती वाढते. लिफ्टच्या मारात बहुतेक वेळा नुसता पोचाच असतो, पण बहुतेक वेळा म्हणजे तुमच्या वेळेला नव्हे.

मोजायला महागडं मशीन लागत नाही. गवंड्याकडचं सामान पुरतं: ओळंबा, लेव्हलची पाण्याची नळी, खडूची दोरी आणि चांगला लोखंडी टेप.

फरशी सपाट असलेली जागा बघा. पाण्याच्या नळीने चारही चाकांखालची पातळी तपासा आणि कमी असेल तिथे पत्र्याचे तुकडे सरकवून सारखी करा. चारही चाकांत हवा सारखी ठेवा. मग गाडीच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला अगदी सारख्या असतील अशा जागा शोधा. पुढे खालच्या विशबोनचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट, मागे पाट्यांच्या स्प्रिंगचा पुढचा बोल्ट. प्रत्येक जागेच्या मध्यापासून ओळंबा सोडा, टोक स्थिर झालं की फरशीवर खडूने बारीक फुली. चारही फुल्या झाल्या की गाडी ढकलून बाजूला घ्या. आता फरशीवर तुमच्या गाडीचा नकाशा आहे.

पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत एक तिरकं माप आणि त्याच्या उलट दुसरं. दोन्ही सारखी हवीत. ३ ते ४ मिमीपर्यंतचा फरक या वयाच्या गाडीत मी सोडून देतो. त्यापुढे गेला तर थांबायचं. टेपचं टोकाचं हुक जरा ढिलं असतं, त्यामुळे शून्यापासून न मोजता १० सेंमीच्या रेघेपासून मोजा आणि नंतर तेवढे वजा करा. चाकाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतरही दोन्ही बाजूंना घ्या. या गाडीचा व्हीलबेस २३४० मिमी आहे, पण आकड्यापेक्षा डावं-उजवं सारखं असणं महत्त्वाचं.

उंचीही मोजा. त्याच जागांची फरशीपासूनची उंची. खालून वर ढकललेल्या मारात वाक असेल तर तो आधी उंचीत सापडतो.

चिरेसाठी जुना उपाय सांगतो. पोच्यावरचा डांबरी कोट आणि रंग पूर्ण काढा, पत्रा उघडा करा. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर पातळ डिझेल चालेल. ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. नंतर फडक्याने एकदम कोरडं पुसा आणि खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप द्या. स्पिरिट उडालं की पांढरा थर राहतो. आता हातोडीच्या दांड्याने शेजारी हलके ठोके द्या. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. वेल्डिंगच्या दुकानात यासाठीच तीन डब्यांचा लाल स्प्रेचा सेट मिळतो. तो आणलात तर आणखी सोपं.

हे सगळं झाल्यावर आकडे इथे टाका. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका.

सीओटू

मोहोळकर, तुमच्या ट्रॉलीवरच्या कामाबद्दल शंका नाही, पण तो उपाय इथे उलटेल. ट्रॉलीचा चॅनेलच पाच-सहा मिमी जाड असतो, त्याला सहाची पट्टी शोभते. या फियाटच्या पेटीचा पत्रा त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्शाचा. त्यावर सहाची पट्टी मारली की तेवढा भाग दगडासारखा ताठ होतो, आणि ताठ भाग संपून मऊ पत्रा सुरू होतो तिथे सगळा ताण गोळा होतो. गाडी रोज थोडी पिळवटते, शेवटी पट्टीच्या कडेला लागून सरळ रेषेत चीर जाते. पट्टी शाबूत आणि चासी तिच्या शेजारी तुटलेली, असं मी पाहिलंय. शिवाय एवढ्या पातळ पत्र्यावर आर्कचा रॉड धरला की भोक पडतं, मग भोक भरायला आणखी रॉड, आणि सगळा पत्रा जळून ठिसूळ होतो.

मोहोळकर_ट्रॉली

पत्रा एवढा पातळ असंल हे लक्षात आलं न्हवतं. मग माझी पट्टी नको. ट्रॉलीला पण शेवट चौकोनी ठेवला की तिथंच तडकतंय, हे बरोबर हाय. आमी म्हणूनच आता पट्टीची टोकं तिरकी कापतो.

चिपळूणचा_पत्रा

आमच्याकडे कोकणात असल्या गाड्या पोच्याने मरत नाहीत, गंजाने मरतात. तुमच्या सोलापूरच्या कोरड्या हवेत गाडी जास्त टिकते, तरी एक तपासा. लिफ्टचा हात ज्या पत्र्यात १६ मिमी आत गेला, तो पत्रा आधीच पातळ झालेला नव्हता ना? पेटी आतून गंजते, बाहेरून रंग छान असतो.

पोच्याच्या पुढे-मागे हातभर अंतरापर्यंत छोट्या हातोडीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, गंजलेला बसक्या आवाजात. शंका आली तिथे जुना स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. आणि पेटीच्या खालच्या अंगाला पाणी जायची भोकं असतात ती शोधा. बहुतेक गाड्यांत ती माती आणि डांबरी कोटाने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा. आतून काय पडतं ते बघा. वाळू पडली तर हरकत नाही, गंजाच्या खपल्या पडल्या तर सावध व्हा. पत्रा गेलेला असेल तर ओढण्यात अर्थ नाही, तेवढा तुकडा कापून नवीनच घालावा लागतो.

काळीपिवळी

तुकडा लागलाच तर मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे विचारा. तुमच्याच गाडीची पुढची आवृत्ती असलेल्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण सुटे भाग अजून निघतात. जाताना तुमच्या पेटीची रुंदी, उंची आणि भोकांमधलं अंतर लिहून न्या, डिलाइट आहे हे सांगा आणि समोर टेप लावूनच घ्या. टॅक्सीचं बूड खूप सोसलेलं असतं, आतून टॉर्च मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पासिंग_प्रश्न

थोडं विषयाच्या कडेचं, पण ताईंनी कापण्याआधी वाचावं.

गाडी १९७१ ची म्हणजे ५० वर्षांच्या पुढची. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यात ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी-चारचाकी बसते. अट अशी की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,००० रुपये, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. उद्या तिकडे जायचं मनात आलं तर डाव्या बाजूला अख्खा बाजारी चॅनेल घातलेली गाडी दाखवताना अडचण येऊ शकते. पोचा ओढून त्याच जागी केलेली दुरुस्ती ही वेगळी गोष्ट आहे. तरीही आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा.

पण माझा सल्ला विचाराल तर व्हीएच्या मागे लागू नका. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. तुम्ही तुळजापूरला जाता. दर पाच वर्षांनी होणारं साधं नूतनीकरणच तुमच्या कामाचं.

आणि चासी नंबर जिथे कोरलेला आहे त्याच्या आसपास ग्राइंडर जाऊ देऊ नका. कामाला सुरुवात करण्याआधी त्यावर मास्किंग टेप लावा.

फियाट_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. घराजवळच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये फरशी एकसारखी आहे, तिथे गाडी नेली. दिरांनी आणि मी मिळून मापं घेतली, दोनदा घेऊन खात्री केली.

तिरकी मापं: दोघांत २ मिमीचा फरक.
व्हीलबेस: उजवीकडे २३४०, डावीकडे २३३९.
उंची: पुढच्या डाव्या बोल्टाची उजव्यापेक्षा ३ मिमी कमी. (या बाजूची पुढची स्प्रिंग आधीपासून जरा बसलेली आहे, हे मिस्त्रींनी मागेच सांगितलं होतं.)

चिपळूणकरांनी सांगितलं तसं ठोकून बघितलं. पत्रा खणखणीत आहे. पाण्याच्या भोकांतून वाळू आणि वाळलेला चिखल निघाला. खपल्या थोड्या, पोच्याच्या मागच्या टोकाला रुपयाएवढी जागा खरबरीत आहे, पण स्क्रू-ड्रायव्हर आत गेला नाही.

खडूचा प्रयोग मात्र कामी आला. खालचा पत्रा आणि आतली भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, पोच्याच्या सगळ्यात तीव्र घडीत, पांढऱ्या लेपावर केसाएवढी काळी रेघ उमटली. लांबी २ सेंमी असेल. लेप लावण्याआधी तिथे आम्हाला काहीच दिसत नव्हतं.

ओळंबा काका, आता पुढे?

ओळंबा

उत्तम मोजलंत. उंचीतले ३ मिमी स्प्रिंगचे धरू, कारण तिरकी मापं आणि व्हीलबेस त्याला साथ देत नाहीत. म्हणजे वाक नाही, पोचा आहे आणि एक चीर. पूर्ण चासी कापायचं काहीही कारण नाही. कापलीत तर आज सरळ असलेली गाडी वाकडी होण्याची शक्यता आपण स्वतः निर्माण करू.

पेटीची ताकद चारही भिंती सरळ असण्यात असते. खालची भिंत आत गेली आणि बाजूच्या फुगल्या की भार त्या टाळतात आणि तो बुडाच्या पत्र्यावर, त्याच्या स्पॉट वेल्डवर जातो. म्हणून आपलं उद्दिष्ट आधी आकार परत आणणं, मग चीर बंद करणं, मग पातळ आधार. हा क्रम उलटा करू नका. पोच्यावरच पट्टी मारणारे खूप आहेत. त्यात खालचा वाकडा पत्रा तसाच राहतो आणि त्या पोकळीत पाणी.

तयारी. बॅटरी काढा. डाव्या चासीलगत ब्रेकचा पाइप, पेट्रोलची नळी, वायरिंग जे काही जात असेल ते सोडवून दूर बांधा. नुसतं ओलं फडकं गुंडाळून भागवू नका. आत सीट आणि गालिचा काढा, त्याखालचा डांबरी थर खरवडा, तो पेटतो. वेल्डिंग चालू असताना एक माणूस गाडीच्या आत ओलं पोतं आणि पाण्याची बादली घेऊन बसलाच पाहिजे, कारण आग वरच्या बाजूला लागते आणि खाली झोपलेल्या माणसाला ती दिसत नाही. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची ती पोच्यापासून दूर, दोन्ही चासींवर भार सारखा येईल अशी. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

ओढणं. मार खालून आला, म्हणून ओढायचं खाली. पोच्याच्या लांबीवर एका ओळीत वॉशर उभे वेल्ड करा, बोटभर अंतराने. त्यांतून एक सळई घाला आणि सळईला सरकत्या हातोड्याने खाली ओढा. सळईमुळे ओढ पसरते, एकाच वॉशरवर आली तर पत्रा फाटतो. ओढ चालू असताना दुसऱ्या माणसाने पोच्याभोवतीचा उठलेला काठ हातोडीने हलका ठोकायचा. हे ठोके महत्त्वाचे आहेत. काठ तसाच ताठ राहिला तर मधला पत्रा बाहेर यायला वाट राहत नाही, नुसता ताणून पातळ होतो. फुगलेल्या भिंतींना दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या लावून सी-क्लॅम्प घाला आणि खालचा पत्रा जसा येईल तसा थोडा थोडा आवळत जा. घाईने आवळलात तर भिंत आत घडी घालेल.

चीर आहे म्हणून तिच्या दोन्ही टोकांना आधी ३ मिमीचं भोक पाडा. तिचं पळणं तिथे थांबतं. ओढून आकार आला की चीर व्ही आकारात घासून भरा.

भुईकोट

घडीचा कोपरा थंडच ओढायचा का? चासीला कधीच गरम करायचं नाही असं मी ऐकलंय.

ओळंबा

चांगला प्रश्न. ते नव्या गाड्यांसाठी खरं आहे. त्यांत जास्त ताकदीचं पोलाद असतं, गरम केलं की ती ताकद जाते आणि परत येत नाही. १९७१ चा हा पत्रा साधं मऊ पोलाद आहे. जेवढं थंड येईल तेवढं थंड ओढा. शेवटची तीव्र घडी हट्टाला पेटली तरच तेवढ्याच कोपऱ्यावर छोटं नोझल फिरवा, सावलीत जेमतेम लालसर दिसेल इतपत. भर उन्हात गरम करू नका, लाली दिसत नाही आणि माणूस जास्त तापवतो. आणि वर पाणी मारायचं नाही. दरवाजाचा पत्रा आकसवायला ओलं फडकं लावतात, ती रीत चासीवर नको. आपोआप निवू द्या.

सीओटू

आधाराच्या पट्टीबद्दल मी लिहितो. १६ गेजचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा, म्हणजे साधारण १.६ मिमी. त्याआधी उघड्या कडेला मूळ पत्र्याची जाडी कॅलिपरने मोजा, तेवढाच घ्या. यू आकारात वाकवून घ्या म्हणजे खालचा पत्रा आणि दोन्ही भिंती धरेल, आणि पोच्याच्या पुढे-मागे चार बोटं जास्त ठेवा. टोकं चौकोनी कापू नका, मोहोळकर म्हणाले तशी तिरकी. खालच्या पत्र्यावर आडवी सरळ वेल्ड रेघ अजिबात नको. पट्टीत ८ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड करा, म्हणजे भोक वेल्डने भरून पट्टी खालच्या पत्र्याला जोडा, कडेला मधून मधून छोटे टाके. दोन पत्र्यांमध्ये वेल्ड चालणारा झिंक प्रायमर लावा, पण प्लगच्या भोकाखालची जागा उघडी घासून ठेवा. पाण्याचं भोक पट्टीखाली जात असेल तर पट्टीतही पाडा.

वेल्डिंग सीओटूचं (गॅस आणि वायरने होणारं), ०.८ मिमीची वायर. एक टाका पुढे, पुढचा मागे, असं फिरत राहा. सलग मारलं की गरमीने चासी स्वतःच ओढली जाते. आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नका, त्याचा धूर वाईट.

सोलापुरात माणूस शोधताना एक सांगतो. जाड गेट-शटर करणाऱ्याकडे जाऊ नका. कूलरचे किंवा कपाटांचे पत्रे सीओटूने जोडणारा बघा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे असे हात मिळतात. पातळ पत्र्यावर ज्याचा हात बसलाय तोच हे करेल. आधी तुमच्यासमोर दोन भंगार तुकडे जोडायला लावा आणि मग ते जोड शिकंज्यात धरून वाकवा. पत्रा फाटला आणि टाका राहिला तर माणूस बरोबर.

फियाट_सोलापूर

काम झालं. सविस्तर लिहिते, पुढे कुणाला लागेल.

सीओटू यांनी सांगितलेली परीक्षा एका तरुण मिस्त्रींना द्यायला लावली. त्यांनी आढेवेढे न घेता तुकडे जोडून दिले, आम्ही वाकवले, पत्रा फाटला आणि टाका राहिला. ओढायचं काम आमच्या जुन्या डेंटिंगवाल्या चाचांनी केलं, वेल्डिंग या मिस्त्रींनी. दोघांना मी हा धागा वाचून दाखवला. चाचांना वॉशरमधून सळई घालायची रीत माहीत होती. ते म्हणाले, पूर्वी ॲम्बेसेडरला असंच करायचे, आता कुणाला वेळ नसतो.

बराच वेळ काही हललं नाही. चाचा ओढत होते आणि मिस्त्री काठावर ठोकत होते. मग चाचांनी ओढ तशीच धरून ठेवायला सांगितली आणि स्वतः आतल्या भिंतीच्या वरच्या फुगवट्यावर लाकडी ठोकळा ठेवून घाव घातला. एकदम टण् असा आवाज झाला आणि खालचा पत्रा निम्मा बाहेर आला. भिंत आत बसताना डोळ्यांनी दिसली. त्यानंतर बाकीचं पटापट आलं. घडीचा कोपरा तेवढा राहिला, तो शेडमध्ये दार लोटून अंधार करून थोडा गरम केला. आता सरळ पट्टी लावली की सगळ्यात खोल जागी २ मिमीच्या आत आहे. चाचा आणखी ओढू म्हणाले, मी थांबवलं. पत्रा ताणून पातळ होईल हे काकांनी लिहिलं होतं.

चीर भरून घासल्यावर परत खडूचा लेप दिला, रेघ उमटली नाही. कॅलिपरने मूळ पत्रा १.६ च्या जवळच निघाला. यू पट्टी वाकवायला एका कपाटवाल्याच्या मशीनवर गेलो. मधल्या काळात एकदा आतून धूर आला, गालिच्याखालच्या डांबराचा एक तुकडा राहून गेला होता. माझा पुतण्या पोतं घेऊन बसलाच होता, लगेच विझवलं. ही सूचना कुणीही हलक्यात घेऊ नका.

शेवटी परत ओळंबा सोडून मापं घेतली. तिरक्या मापांत तोच २ मिमीचा फरक, म्हणजे वेल्डिंगने काही ओढलं गेलं नाही. फोटो तारखेसह ठेवलेत.

दोन प्रश्न राहिलेत. पेटीच्या आत काय मारू? आणि यापुढे गाडी धुवायला देताना कुठे उचलायला सांगू?

चिपळूणचा_पत्रा

आत जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत आहे, ती नको. ते टिपकत राहतं, रबराचे बूश खातं आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर पेट घेतं. पोकळीत मारायचं मेणाचं स्प्रे मिळतं, लांब नळी असलेलं. वेल्ड पूर्ण निवल्यावर, आत कॉम्प्रेसरची हवा मारून कोरडं करून, पाण्याच्या भोकातून नळी सरकवत मारा. मेण दुसऱ्या भोकातून टिपकायला लागलं म्हणजे पोहोचलं. नंतर भोकं तारेने पुन्हा मोकळी करा, मेणाने बुजतात. उजवी बाजूही याच वेळी करून टाका.

बाहेरून आधी रेड ऑक्साइड, मग रंग, आणि डांबरी कोट पातळच. जाड थराखाली काय चाललंय ते दिसत नाही.

ओळंबा

छान झालं. चाचांना माझा नमस्कार सांगा, ओढ धरून फुगवट्यावर घाव घालायची गोष्ट मी लिहायला हवी होती.

उचलण्याबद्दल: धुण्यासाठी चाकांवर चढणारा रॅम्प असेल तिथेच द्या, चासीला हातच लागत नाही. दोन खांबांची लिफ्टच असेल तर पुढे सस्पेन्शनच्या आडव्या बीमजवळ आणि मागे पाट्यांच्या पुढच्या बोल्टाजवळ, जिथे पेटीला आतून आधार आहे तिथेच. हाताखाली वीतभर रुंद लाकडी ठोकळे, तुमचे स्वतःचे, डिकीत ठेवलेले. पंक्चर काढताना मागे ॲक्सलखाली जॅक लावा. नवीन पट्टीवर कधीच नाही.

पावसाळा संपला की पट्टीच्या चारही तिरक्या टोकांशी एकदा खडूचा लेप देऊन बघा. काही नसेल तर मग पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी.

मोहोळकर_ट्रॉली

ताई, ठोकळे बाभळीचे घ्या, फुटत न्हाईत. मोहोळला आलात तर आमच्या शेडमधनं कापून देतो.